नऊ दरवाजांचे नगर: धर्मग्रंथांतील तटबंदीच्या प्रतिमेची पार्श्वभूमी

ऋग्वेदातील पुर हे बहुतेक वेळा शत्रूचे ठाणे असते. ते फोडणारा इंद्र म्हणून पुरंदर ठरतो. अग्नीला मात्र 'आमच्याभोवती शतपट कोट हो' अशी विनवणी केलेली आढळते. अथर्ववेदाच्या दहाव्या कांडात ही तटबंदी माणसाच्या देहाकडे वळते आणि देह म्हणजे आठ चक्रांची, नऊ दारांची (म्हणजे शरीराच्या नऊ छिद्रांची), देवांची अजिंक्य नगरी, असे वर्णन येते. कठोपनिषदाने दारे अकरा मोजली (भाष्यकार त्यांत नाभी आणि ब्रह्मरंध्र, म्हणजे टाळूवरचे छिद्र, धरतात), तर श्वेताश्वतर उपनिषद आणि गीता यांनी नऊच ठेवली. या सर्व ग्रंथांचे लक्ष आत वसणाऱ्या स्वामीकडे आहे. तट, खंदक, पहारा यांविषयी ते जवळजवळ काहीच सांगत नाहीत.

ती उणीव बौद्धांनी भरून काढली. बुद्धाच्या आसपासच्या शतकांत गंगेच्या खोऱ्यात आणि माळव्यात तटबंदीची नगरे वाढत होती. राजगृहाची दगडी भिंत आजही डोंगरावरून धावताना दिसते. त्यामुळे पाली सुत्तांतील (बुद्धाच्या उपदेशांतील) नगर हे कल्पनेतले न वाटता पाहणी करून लिहिल्यासारखे वाटते. अंगुत्तर निकाय या सुत्तसंग्रहाच्या सातव्या निपातातील (विभागातील) सुत्तात सीमेवरच्या नगराची सात संरक्षणे सांगितली आहेत: वेशीचा खोल रोवलेला खांब म्हणजे श्रद्धा, खंदक म्हणजे पापाची लाज, तटालगतची गस्तीची वाट म्हणजे पापाचे भय, शस्त्रसाठा म्हणजे श्रवण, सैन्य म्हणजे उद्योग (नेटाचा प्रयत्न), द्वारपाल म्हणजे स्मृती (सजगता) आणि गिलावा केलेला तट म्हणजे प्रज्ञा. एवढ्यावर न थांबता सुत्तकार कोठारात शिरतो आणि गवत-लाकूड-पाणी, तांदूळ-जव, तीळ-कडधान्ये, तूप-मध यांची गाठ चार ध्यानांशी घालतो. वेढ्यात तटाआधी दाणागोटा संपतो, हे त्याला ठाऊक होते. संयुत्त निकाय या दुसऱ्या सुत्तसंग्रहातील नगराला सहा दारे आहेत, कारण तिथे मनासह सहा इंद्रिये मोजायची आहेत. नगराचा स्वामी विज्ञान, म्हणजे जाणीव, आहे, आत्मा नव्हे. धम्मपदात तर एकीकडे चित्त नगरासारखे सुरक्षित करण्याचा उपदेश आहे आणि दुसरीकडे देह हे रक्तमांसाने लिंपलेले हाडांचे नगर आहे, ज्यात जरा आणि मृत्यू राहतात. जैनांच्या उत्तराध्ययन सूत्रात, राजधानीला तट आणि वेशी बांधून मग संन्यास घे असे सुचवणाऱ्या शक्राला (इंद्राला) नमी राजा उत्तर देतो की त्याचे नगर श्रद्धेचे, अडसर तप-संयमाचा आणि तट क्षमेचा आहे.

भागवताच्या चौथ्या स्कंधातील पुरंजनाख्यान या प्रतिमेचे सर्वांत विस्तृत रूप, आणि माझ्या मते सर्वांत निष्ठुरही. नऊ दारांच्या नगरीत रमलेल्या राजाचे रक्षण पाच फण्यांचा नाग, म्हणजे प्राण, करतो. चंडवेग हा गंधर्वराज 360 गंधर्व आणि तितक्याच गंधर्वी घेऊन चालून येतो. ते वर्षाचे दिवस आणि रात्री आहेत. नाग शंभर वर्षे एकटा झुंजून थकतो, कालकन्या म्हणजे जरा नगरीत शिरते आणि शेवटी प्रज्वार, म्हणजे ताप, नगरी पेटवून देतो. नारदाने ही कथा कर्मकांडात गुंतलेल्या प्राचीनबर्ही राजाला सांगितली आहे, त्यामुळे तीत बचावाचा कोणताही डाव यशस्वी होत नाही.

मराठीत ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, देवगिरीच्या यादवांच्या राज्यात हीच भाषा वापरली, पण बाजू बदलून. बाराव्या अध्यायात निर्गुणाच्या उपासकाचे वर्णन करताना त्यांचा योगी एखाद्या सेनापतीसारखा मोहीम चालवतो. तो वैराग्याच्या आगीत विषयांची कटके (सैन्ये) जाळतो, इंद्रियांना हृदयाच्या कवाडाआड कोंडतो, 'मूळबंधाचा हुडा' उभारतो, आशेचे लाग तोडतो आणि अधैर्याचे कडे झाडतो. मूळबंध हा योगातला एक बंध आणि हुडा म्हणजे बुरूज. हे शब्द गडकोटांच्या मुलुखातले आहेत आणि ऐकणाऱ्यांना ते समजावून सांगावे लागले नसतील. इतकी मोठी लढाई रंगवून झाल्यावर ज्ञानेश्वर बजावतात की योगाच्या बळाने भक्तांपेक्षा अधिक काही मिळते असे नाही, वाट्याला जास्त येतात ते कष्टच.