तासन्‌तास मोजलेला उजेड

कॉम्प्युटरच्या दुकानात ग्राफिक्स कार्ड घ्यायला आलेलं गिऱ्हाईक पहिला प्रश्न ठरलेला विचारतं, "किती जीबीचं?" दुकानदारही आकडा सांगून मोकळा होतो. जीबी जास्त म्हणजे चित्र भारी, हा समज आपल्याकडे पक्का आहे. कार्डावरच्या मेमरीत चित्राला लागणारी माहिती साठवलेली असते, एवढंच. ती माहिती कशी तयार केली, यावर चित्र कसं दिसणार ते ठरतं. या समजाचा जुळा भाऊ म्हणजे गेम जितका नवा तितका तो खरा दिसणार.

दोघांनाही गप्प करायला 'मिरर्स एज' पुरेसा आहे. स्वीडनच्या डाइस या स्टुडिओचा हा गेम नोव्हेंबर २००८ मध्ये एक्सबॉक्स ३६० आणि प्लेस्टेशन ३ वर आला. यातल्या प्रत्येक यंत्राची मेमरी सगळी मिळून ५१२ एमबी, म्हणजे आजच्या साध्या फोनपेक्षाही कितीतरी कमी. नायिका फेथ उंच इमारतींच्या गच्च्यांवरून पळते, उड्या मारते. पात्रांचे चेहरे आज जुनाट वाटतात, हे मान्य. पण एखाद्या रिकाम्या जिन्यात किंवा ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये नुसतं उभं राहून बघा. भिंती पांढऱ्या आहेत, पण एकही भिंत एकसारखी पांढरी नाही. नारिंगी भिंतीशेजारच्या छतावर फिकट नारिंगी झाक आहे, कोपऱ्यांत उजेड हळूहळू मंदावतो आणि सावली काळी न होता निळसर राहते. कालपरवा आलेल्या कित्येक गेममध्ये असा उजेड नसतो.

शाळेत आपण प्रकाशाचं परावर्तन शिकतो ते आरशावर: आपाती कोन आणि परावर्तन कोन समान. चुन्याच्या भिंतीचं काय होतं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. वास्तविक घरातला बराचसा उजेड भिंतींवरून परतलेला असतो. उत्तरेकडच्या खोलीत सूर्यकिरण सहसा थेट येत नाही, तरी दुपारी तिथे पेपर वाचता येतो. खरखरीत पृष्ठभागावर पडलेला प्रकाश सगळ्या दिशांना विखुरतो आणि सरळ समोरच्या दिशेला सर्वांत जास्त जातो. योहान लँबर्टने हा नियम १७६० मध्येच मांडला होता. विखुरलेला प्रकाश दुसऱ्या भिंतीवर पडतो, तिथून तिसऱ्या, तिथून परत पहिल्या. प्रत्येक टप्प्यावर भिंत त्यातला थोडा गिळते आणि उरलेल्याला आपला रंग देते.

आता आकडे बघू. चांगल्या पांढऱ्या रंगाची भिंत पडलेल्या प्रकाशापैकी साधारण ८० टक्के परत फेकते असं धरू. दहा टप्प्यांनंतरही जवळपास ११ टक्के प्रकाश शिल्लक असतो. सगळीकडून बंद खोलीत ही सारी मालिका बेरजेला घेतली, तर भिंतींवर पडणारा एकूण प्रकाश मूळच्या ५ पट भरतो. तेच गडद तपकिरी भिंत २० टक्केच परत फेकत असेल तर दोन टप्प्यांत ४ टक्के उरतात आणि बेरीज जेमतेम सव्वापट होते. त्या काळातले ढीगभर गेम मातकट, तपकिरी होते. तिथे टप्प्यांचा हिशोब सोडून दिला तरी फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. पांढरं शहर काढायचं ठरवलं की ही पळवाट बंद होते. हिशोब चुकला की शहर कागदी दिसणार. डाइसने तेच शहर निवडलं, याचं मला फार कौतुक आहे.

हा हिशोब गेमवाल्यांचा नव्हे. मूळ उष्णतेच्या अभ्यासातलं आहे: तापलेल्या पृष्ठभागांमध्ये प्रारणाने उष्णतेची देवाणघेवाण कशी होते? मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलेल्यांना हीट ट्रान्सफरच्या पेपरातला 'शेप फॅक्टर' आठवत असेल. तोच हा. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या गोरल, टॉरन्स, ग्रीनबर्ग आणि बॅटाइल यांनी तो प्रकाशाला लावला आणि 'रेडिओसिटी' ही पद्धत संगणकाच्या चित्रांत आणली. दृश्यातले सगळे पृष्ठभाग छोट्या तुकड्यांत विभागायचे. प्रत्येक जोडीसाठी विचारायचं, या तुकड्यातून निघालेल्या प्रकाशाचा किती हिस्सा त्या तुकड्यावर पोचतो? हा हिस्सा अंतरावर, दोघांच्या कलण्यावर आणि मध्ये काही आड येतंय का यावर ठरतो. मग एका तुकड्याचा उजेड म्हणजे त्याचा स्वतःचा प्रकाश, अधिक बाकी सगळ्यांकडून आलेल्यातला त्याने परत फेकलेला हिस्सा. पण त्या बाकीच्यांचा उजेड याच्यावरही अवलंबून! म्हणजे जितके तुकडे तितकी समीकरणं, आणि सगळी एकदम सोडवायची. पुढे कॉर्नेलमध्ये रंगीत भिंतींची खरी पेटी बनवून संगणकाचं चित्र तिच्याशी ताडूनही पाहिलं गेलं.

अडचण उघड आहे. एक लाख तुकडे घेतले तर जोड्या होतात १,००० कोटी. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर गेमला प्रत्येक चित्रासाठी मिळतात १६.७ मिलिसेकंद. तेवढ्यात हे होणं तेव्हा शक्यच नव्हतं.

मग करायचं काय? भिंती हलत नाहीत आणि दिवेही हलत नाहीत, तर हा हिशोब गेम बनवतानाच, स्टुडिओतल्या यंत्रांवर तासन्‌तास करून ठेवायचा. उत्तर एका चित्रात साठवायचं, ज्याला लाइटमॅप म्हणतात. खेळताना भिंतीचं टेक्स्चर (तिच्यावर चढवलेलं रंगाचं चित्र) गुणिले लाइटमॅप, बस्स. १९९६ च्या 'क्वेक' या गेममध्ये लाइटमॅप होते, पण त्यात दिव्याचा थेट प्रकाशच मोजलेला होता. टेक्स्चरच्या दर १६ ठिपक्यांमागे प्रकाशाची एक नोंद पुरायची, कारण भिंतीवरचा उजेड बहुधा सावकाश बदलतो. पुढच्या वर्षी 'क्वेक २'चे नकाशे बनवण्याच्या साधनांत रेडिओसिटी आली, आणि १९९८ चा 'हाफ-लाइफ' क्वेकच्याच इंजिनात (गेम चालवणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये) फेरफार करून उभा राहिला. आपल्या सायबर कॅफेंत तासाच्या दराने खेळला गेलेला 'काउंटर-स्ट्राइक १.६' याच घराण्यातला. त्यातल्या डस्ट-२ या नकाशातल्या कमानींखाली दबा धरून बसलेल्यांवर पडणारी सावली नकाशा बनवणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर आधीच मोजून झालेली होती.

पुढची पायरी मला सर्वांत आवडते, म्हणून जरा थांबतो. लाइटमॅपमध्ये एका जागी एकच रंग असतो: इथे एवढा उजेड पडतो. तो कुठून येतो, ही माहिती बेरजेत हरवते. विटांच्या भिंतीचा खडबडीतपणा दाखवायला मात्र दिशाच हवी, कारण विटेची डावी कड डावीकडच्या उजेडाने उजळणार. २००४ च्या 'हाफ-लाइफ २'मध्ये व्हॉल्व्ह या कंपनीने यावर देखणा उपाय काढला. भिंतीवर उलटी तिवई ठेवल्याची कल्पना करा. तिचे तीन पाय एकमेकांना काटकोनात आहेत आणि भिंतीच्या लंबाशी प्रत्येकाचा कोन साधारण ५५ अंश. प्रत्येक जागी एकाऐवजी तीन लाइटमॅप साठवायचे, एकेका पायाच्या दिशेला तोंड असतं तर किती उजेड मिळाला असता ते सांगणारे. खेळताना त्या ठिपक्यापाशी विटेचा पृष्ठभाग कुठे कललाय ते नॉर्मल मॅपमधून, म्हणजे ठिपक्याठिपक्याचा कल नोंदवलेल्या चित्रातून कळतं. त्या दिशेचा तिन्ही पायांशी अदिश गुणाकार घ्यायचा, आलेल्या वजनांनी तीन उजेड मिसळायचे. मेमरी तिप्पट लागते, पण परत फेकलेला प्रकाशही आता विटेच्या कडांवर बरोबर बसतो. पात्रं तर हलती असतात. त्यांच्यासाठी खोलीत जागोजागी सहा दिशांचे सहा रंग नोंदवून ठेवले, आणि पात्र जिथे असेल तिथल्या नोंदीने ते रंगवलं.

मिरर्स एजने अनरियल इंजिन ३ मधली प्रकाशाची सोय बाजूला ठेवून इल्युमिनेट लॅब्ज या स्वीडिश कंपनीचं प्रकाशाचा हिशोब करणारं 'बीस्ट' वापरलं. तपशील बदलले, पण तत्त्व तेच राहिलं.

आता हल्लीच्या गेमकडे येऊ. २०१८ पासून घरगुती ग्राफिक्स कार्डांत किरणांचा माग काढणारे खास भाग आले, आणि खोक्यांवर 'रे ट्रेसिंग'चे स्टिकर लागले. तंत्र खरं आहे आणि मोठं आहे. पण १६.७ मिलिसेकंदांत दर पिक्सेलमागे एखाद-दोन किरणच सोडायला जमतात. त्यातून येणारं चित्र दाणेदार असतं. मग आधीची चित्रं आणि शेजारचे पिक्सेल पाहून उरलेलं अंदाजाने भरतात, म्हणून जोरात मान फिरवली की उजेड थोडा मागे रेंगाळतो. लाइटमॅप बनवताना एकेका जागेसाठी हजारो किरण सोडता येतात, घाई कसलीच नाही. म्हणजे त्या जिन्यातल्या भिंतीच्या एका ठिपक्यावर नव्या गेमपेक्षा जास्त हिशोब झालेला असतो, आणि नेमकं तेच डोळ्याला दिसतं.

यूट्यूबवर जुन्या गेमचे 'अल्ट्रा रिअलिस्टिक' मॉड (चाहत्यांनी केलेले फेरफार) मिळतात, त्यांच्यापासून जरा सावध. बऱ्याच वेळा रंग भडक केलेले असतात आणि शहरातला प्रत्येक रस्ता, भर उन्हातसुद्धा, ओला केलेला असतो, कारण डबक्यातलं प्रतिबिंब लघुचित्रात चटकन भरतं. ओल्या रस्त्याने उजेड बरोबर होत नाही.

जुन्या पद्धतीची किंमतही मोठी होती. सूर्य हलवता येत नाही, भिंत पाडता येत नाही. २०१४ च्या 'असॅसिन्स क्रीड युनिटी'मधलं पॅरिस आजही थक्क करतं, पण तिथला उजेडही दिवसाच्या ठरावीक वेळांसाठी आधी मोजून ठेवलेला आहे. शिवाय डिझायनरने एक टेबल सरकवलं तरी हिशोब पुन्हा करावा लागायचा. नवी पद्धत स्टुडिओंना हवीहवीशी वाटते, त्यामागे हा वाचणारा वेळही आहे. विशेष म्हणजे २०१९ मध्ये ग्राफिक्स कार्डवाल्या एनव्हिडियाने त्याच 'क्वेक २'ला नवा साज चढवला. त्यात लाइटमॅप काढून टाकून सगळा प्रकाश खेळता खेळताच मोजला जातो.

एखादा जुना गेम कोणत्या जातीचा आहे हे बघायचं तर दिव्यावर गोळी झाडा. काच फुटली, तरी भिंतीवरचं उजेडाचं वर्तुळ जागचं हललं नाही, तर तो लाइटमॅप. वर्तुळ विझलं तरी लगेच निकाल देऊ नका. काही गेमवाले दिवा चालू असतानाचा आणि बंद असतानाचा असे दोन लाइटमॅप तयार ठेवतात आणि गोळी लागली की अदलाबदल करतात.