पर्जन्यमापक लावण्याआधी एवढं वाचा

पावसाळा लागला की आमच्या दुकानात एकच तक्रार येते. "बातम्यांत एकशे वीस मिलिमीटर सांगितला, तुमच्या मापकात तीसच कसा?" काहीजण मापक बदलूनच मागतात. बदलून देण्याआधी आम्ही विचारतो, की मापक लावलाय कुठे? हा प्रश्न काहींना आवडत नाही, पण उत्तर बहुतेक वेळा तेच असतं: गॅलरीच्या ग्रिलला.

ग्रिलवर लावलेला मापक पाऊस मोजू शकत नाही. त्याच्या डोक्यावर वरच्या मजल्याचा सज्जा असतो आणि पाठीला इमारतीची भिंत. आपल्याकडचा पाऊस बहुतेक वेळा नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर तिरपा येतो. तुमची गॅलरी त्या अंगाला असेल तर थोडंफार पाणी पडेल. पूर्वेला असेल तर रात्रभर धो-धो कोसळूनही नळीचा तळ जेमतेम ओला होतो. उलटही घडतं. मानपाड्याच्या एका काकूंकडे पावसाने उघडीप दिली तरी रोज सकाळी नळीत चार-पाच मि.मी. पाणी दिसायचं. पहाटे सर येऊन जात असेल, असं त्यांनी धरलं होतं. आमचा मुलगा बघायला गेला, तर वरच्या घरातल्या एसीच्या पाइपचे थेंब वाऱ्याने नरसाळ्यात येत होते. अशा जागी कितीही महागाचा मापक लावा, आकडा खोटाच येणार.

म्हणून ज्यांच्याकडे फक्त ग्रिलची गॅलरी आहे, त्यांना आम्ही मापक विकत नाही. ग्रिलला अडकवायचा क्लॅम्पही ठेवत नाही. गिऱ्हाईक परत पाठवलं म्हणून काहीजण रागावतात, पण महिनाभर चुकीचे आकडे लिहून मग भांडायला येण्यापेक्षा हे बरं. गॅलरीतल्या कुंड्यांसाठी मातीत बोट दोन पेरं खुपसून बघा. त्याला पैसे पडत नाहीत.

मापकाची जागा उघडी हवी. साधा हिशेब असा: आजूबाजूची भिंत, झाड, पाण्याची टाकी मापकाच्या तोंडापेक्षा जितकी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतर सोडा. कंपाउंडची भिंत मापकाच्या तोंडाच्या वर चार फूट जात असेल, तर भिंतीपासून आठ फूट. हवामान खात्याच्या साध्या मापकाचं तोंड जमिनीपासून ३० सें.मी. वर असतं. बागेत तेवढी उंची पुरते, फक्त खाली गवत किंवा खडी असावी. लादी असेल तर शिंतोडे उसळून आत जातात. गच्चीवर लावणार असाल तर सोसायटीला विचारा आणि कठड्यावर चुकूनही ठेवू नका. कठड्यावर आदळलेला वारा वर उसळतो आणि थेंब मापकाच्या तोंडावरून पुढे नेतो. गच्चीच्या मधोमध, आम्ही सोबत देतो त्या स्टँडवर, पाणसळ लावून ठेवा. स्टँडचे वेगळे पैसे का, असं विचारतात. तिरका मापक कमी-जास्त मोजतो आणि विटांवर ठेवलेला पहिल्या वादळात आडवा होतो, म्हणून.

रो-हाउसच्या छोट्या बागेत एवढी मोकळी जागा निघत नाही, हे आम्हाला माहीत आहे. तिथे त्यातल्या त्यात उघडी जागा निवडा आणि मग ती बदलू नका. आकडा थोडा कमी येईल, पण कालच्या पावसाशी आजचा ताडून बघता येईल.

बातमीशी तुलना करताना हेही लक्षात ठेवा, की मुंबईच्या पावसाचा आकडा बहुधा कुलाबा किंवा सांताक्रूझचा असतो. येऊरच्या पायथ्याला झोडपत असताना कोपरीत नुसता शिडकावा, हे ठाणेकरांना सांगायला नको. शिवाय हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ असतो. तुम्हीही साडेआठलाच वाचा, नळी डोळ्यांच्या पातळीवर धरून, पाण्याच्या वक्र कडेचा सर्वांत खालचा भाग बघा. मग पाणी ओतून टाका, म्हणजे डासही होणार नाहीत.

आतली नळी २५ मि.मी.ला भरते. त्यावरचं पाणी बाहेरच्या डब्यात उतरतं, ते फेकू नका. आधी नळीतलं मोजून ओता, मग डब्यातलं नळीत भरभरून मोजा आणि बेरीज करा. डबा साधारण अडीचशे मि.मी. सामावतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मि.मी. पडला होता, तेव्हा रेड अलर्टच्या दिवशी दुपारी आणि रात्रीही मोजून रिकामा करा.

बागेला याचा उपयोग काय? एक मि.मी. म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. बारा इंची कुंडीत १० मि.मी. पावसाचं जेमतेम पाऊण लिटर पाणी पडतं, आणि जास्वंद दाट असेल तर त्यातलंही बरंच पानांवरून कुंडीबाहेर जातं. दोन-तीन मि.मी.च्या सरीने माती वरून काळी दिसते, खाली कोरडी असते. सप्टेंबरअखेर पाऊस ओढ देतो तेव्हा कुंड्या नेमक्या अशाच फसवतात. उलट शंभराच्या वर पडला की खत वाहून जातं. अशा आठवड्यात गांडूळखत घालायची घाई करू नका, उघडीप मिळाल्यावर घाला.

नळी फुटली तर दुसऱ्या कंपनीची लावू नका, कारण नळीवरच्या खुणा नरसाळ्याच्या तोंडाच्या हिशेबाने केलेल्या असतात. आमच्या नरसाळ्याचं तोंड १०० चौरस सें.मी. आहे, म्हणजे १० मि.लि. पाणी बरोबर १ मि.मी. पाऊस. तेवढ्यापुरतं औषधाच्या मापाने मोजता येईल. सुटी नळी आणि नरसाळ्याची जाळी दुकानात मिळते. येताना फुटकी नळी घेऊन या, म्हणजे जुन्या घडणीची की नव्या, हे लगेच कळेल.