काँक्रीटला पिण्याचंच पाणी लागतं? नाही हो

'जे पाणी पिता येत नाही ते काँक्रीटला चालत नाही' हे वाक्य साईटवर इतकी वर्षं फिरतंय की लोकांना तो नियमच वाटतो. आयएस 456 मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकात, एवढंच आहे की पिण्याचं पाणी सहसा चालतं. दुसरं, म्हणजे प्रक्रिया केलेलं सांडपाणी वगैरे, चालत नाही असं कुठेही लिहिलेलं नाही, तो अर्थ आपण चिकटवला. उलट साखर घातलेलं पाणी मस्त पिता येतं, पण तेच सिमेंटमध्ये टाका, सेटिंगची (घट्ट होण्याची) बोंब!

सिमेंटला पाणी कुठून आलं याच्याशी घेणंदेणं नाही, पाण्यात काय उरलंय ते महत्त्वाचं. क्लोराईड जास्त असेल तर सळई गंजते, म्हणून आरसीसीला (सळई घातलेल्या काँक्रीटला) लिटरमागे 500 मिलिग्रॅमची मर्यादा आणि सळई नसलेल्या काँक्रीटला 2000, शिवाय पीएच 6 च्या खाली नको. सल्फेट आणि सेंद्रिय घाण यांनाही मर्यादा आहेतच. डिटर्जंट राहिला तर फेस होतो, हवा अडकते आणि स्ट्रेंथ पडते. त्यामुळे कच्चं सांडपाणी अजिबात नको, नीट प्रक्रिया केलेलं घ्या.

शंका असेल तर टेस्ट सोपी आहे, त्या पाण्यात बनवलेले काँक्रीटचे तीन क्यूब (ठोकळे) आणि डिस्टिल्ड वॉटरचे तीन, 28 दिवसांनी फोडायचे, आपल्या पाण्याच्या क्यूबची सरासरी ताकद डिस्टिल्डवाल्यांच्या किमान 90 टक्के भरली पाहिजे आणि दोन्हींच्या सुरुवातीच्या सेटिंगच्या वेळेत अर्ध्या तासापेक्षा जास्त फरक नको. फक्त एकदा पास झालं म्हणून कायम पास असं नाही, सांडपाणी प्रक्रिया प्लांटचं पाणी बदलत राहतं. आणि ते निर्जंतुक केलेलं हवं, सिमेंटसाठी नाही, हाताळणाऱ्या माणसांसाठी.