तीन टप्प्यांचं यंत्र, चार मण्यांची माळ

जिवाणूचा जीनोम, म्हणजे त्याचा संपूर्ण डीएनए, वाचला की संगणक नवं औषध काढून देतो, असा समज हल्ली पसरतो आहे. संगणक देतो तो अंदाज. तो कुठवर खरा ठरतो आणि कुठे चुकतो, हे पाहायला स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलर हा मातीतला जिवाणू उत्तम.

2002 साली त्याचा जीनोम प्रसिद्ध झाला: डीएनएची सुमारे 87 लाख अक्षरं, 7,825 जनुकं. अनेक दशकं अभ्यास होऊनही त्याची मोजकीच खास रसायनं माहीत होती. जीनोममध्ये मात्र ती बनवणारे 20हून अधिक जनुकसमूह निघाले.

नेहमीची प्रथिनं रायबोसोमवर तयार होतात. व्हॅन्कोमायसिन या प्रतिजैविकासारख्या औषधांचा सांगाडा मात्र रायबोसोमला वगळून अवाढव्य विकरांवर (एन्झाइमांवर) गुंफला जातो. असं विकर म्हणजे ओळीनं बसलेले टप्पे, साधारणपणे एका टप्प्यावर एक अमिनो आम्ल. टप्प्याचा एक भाग हवं तेच आम्ल निवडतो आणि एटीपी हा पेशीतला ऊर्जा देणारा रेणू खर्चून सक्रिय करतो. दुसरा ते लवचीक दांडीच्या टोकाला, गंधकाच्या बंधानं धरून ठेवतो. तिसरा मागून आलेली साखळी त्याला जोडतो. निवड ठरते पहिल्या भागातल्या खाचेवरून, आणि त्या खाचेत सुमारे 10 अमिनो आम्लं निर्णायक असतात. 1999मध्ये खाच आणि आम्ल यांचं कोष्टक मांडलं गेलं. आता रसायन न पाहताच, नुसत्या डीएनएवरून माळेतले मणी, म्हणजे अमिनो आम्लं, आणि त्यांचा क्रम सांगता येऊ लागला!

सीलिकलरमध्ये असं तीन टप्प्यांचं एक विकर दिसलं. पूर्ण जीनोम प्रसिद्ध होण्याआधीच, 2000 साली, भाकीत झालं: तीन मण्यांचा, लोह पकडणारा रेणू. 2005मध्ये हा रेणू, सीलिकेलिन, प्रत्यक्ष वेगळा केला तेव्हा मणी निघाले चार. ऑर्निथिन या अमिनो आम्लाचं एक बदललेलं रूप माळेत दोनदा आलं होतं. लोहाचं भाकीत बरोबर, मण्यांची मोजणी चूक. लोह पकडणारे रेणू औषध म्हणूनही मोलाचे आहेत: थॅलेसेमियाच्या रुग्णांत वारंवार रक्त दिल्यानं साचणारं लोह काढणारं डेफेरोक्झामाइन स्ट्रेप्टोमायसिस पिलोससकडूनच मिळालं.

वाचनातही अडचणी आहेत. एक टप्पा सुमारे 3,000 अक्षरांचा, आणि शेजारचे टप्पे एकमेकांसारखे. 150 ते 300 अक्षरांचे तुकडे वाचले तर कोणता तुकडा कुठल्या टप्प्याचा हे कळत नाही. जोडणीत टप्पा गळतो किंवा समूह मध्येच तुटतो. म्हणून 10,000 अक्षरांहून लांब वाचनं हवीत. त्यासाठी पेशीभित्तिका लायसोझाइम या विकरानं विरघळवावी, नळी जोरात हलवू नये, पिपेटचं टोक रुंद तोंडाचं घ्यावं. नाहीतर डीएनए तुटतो. शिवाय सीलिकलरच्या डीएनएत जी आणि सी ही अक्षरं 72 टक्के. डीएनएच्या प्रती वाढवणारी पीसीआर ही पद्धत अशा पट्ट्यांवर अडखळते आणि वाचनात भोकं राहतात, म्हणून शक्यतो पीसीआर टाळावा.

एवढं करूनही बरेच समूह फ्लास्कमध्ये गप्प राहतात, म्हणजे आपलं रसायन बनवत नाहीत. सीलिकेलिनसाठी लोह जवळजवळ नसलेलं माध्यम लागतं. काचेला चिकटलेलं लोहही निकाल बिघडवू शकतं, त्यामुळे भांडी आम्लानं धुवायची. मग विकराचं जनुक मोडलेला जिवाणू आणि मूळ जिवाणू शेजारी शेजारी वाढवायचे, दोन्हींचा द्रव रेणूंची वस्तुमानं मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरमधून काढायचा. मूळ जिवाणूच्या आलेखात असलेलं आणि दुसऱ्यातून नाहीसं झालेलं शिखर आधी ज्ञात रेणूंच्या वस्तुमानांशी ताडून पाहायचं. कशाशीच जुळलं नाही, तरच मोठ्या प्रमाणावर शुद्धीकरण सुरू करायचं.