अस्तित्वात नसलेल्या नेटवर्क कार्डाचा बिघाड

मेनफ्रेम (प्रचंड कामं पेलणारा मोठा संगणक) म्हणजे पंच कार्डांच्या काळातलं अडगळीत गेलेलं यंत्र, हा समज अजून जात नाही. आयबीएमने १९६४ साली सिस्टिम/३६० जाहीर केली. तिच्याच घराण्यातल्या आजच्या आयबीएम झेड यंत्रावर झेड/व्हीएम ही प्रणाली लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या शेकडो प्रती एकाच वेळी चालवू शकते. प्रत्येक लिनक्सला वाटतं, आपल्याकडे स्वतंत्र संगणक आहे.

पण खरी नेटवर्क कार्डं (त्यांना ओएसए म्हणतात) मोजकीच असतात. म्हणून झेड/व्हीएम मेमरीतच एक स्विच (संगणकांना नेटवर्कमध्ये एकमेकांशी जोडणारा दुवा) तयार करतं, व्हीस्विच, आणि प्रत्येक लिनक्सला एक आभासी कार्ड देतं.

माझ्या सर्वांत आवडीचा भाग पुढे आहे. या एका कार्डाला तीन पत्ते (आयपी नव्हे, उपकरणाचे क्रमांक) लागतात, उदाहरणार्थ ०६००, ०६०१ आणि ०६०२. पहिल्यावरून लिनक्स कार्डाची उत्तरं वाचतं, दुसऱ्यावरून आज्ञा पाठवतं, तिसरा फक्त डेटासाठी. वाचण्याचा पत्ता सम हवा आणि लिहिण्याचा त्याच्या लगेच पुढचा. डेटाची देवाणघेवाण मेमरीतल्या रांगांमधून होते. एका रांगेत १२८ बफर (डेटा ठेवण्याचे कप्पे), आणि प्रत्येक बफर या क्षणी लिनक्सच्या ताब्यात आहे की कार्डाच्या, याची शेजारीच नोंद. ती नोंद बदलली की बफर समोरच्याचा झाला! प्रत्येक पॅकेटसाठी (डेटाच्या तुकड्यासाठी) वेगळा आय/ओ, म्हणजे उपकरणाशी देवाणघेवाण, सुरू करावा लागत नाही, वेग येतो तो यातूनच.

आता बिघाड. आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) बरोबर, इंटरफेस (लिनक्सला दिसणारं कार्ड) चालू, तरी पिंग, म्हणजे समोरचा संगणक उत्तर देतो का हे बघणारा संदेश, जात नाही. अशा वेळी ‘रीस्टार्ट करून बघा’ हा तोडगा लिंबू-मिरचीच्याच पंगतीतला आहे, कारण चुकीची सेटिंग जागची हलत नाही. आधी लिनक्समध्ये कार्डाची सेटिंग दाखवणारी ‘एलएसक्यूएथ’ ही आज्ञा देऊन ‘लेयर२’समोर ० आहे की १ ते बघावं. १ असेल तर मॅक पत्त्यासकट (कार्डाच्या स्वतःच्या पत्त्यासकट) पूर्ण इथरनेट फ्रेम, म्हणजे पॅकेटभोवतीचं पाकीट, जाते. ० असेल तर फक्त आयपी पॅकेट, आणि एआरपीचं, म्हणजे आयपीवरून मॅक पत्ता शोधण्याचं, काम कार्डाकडे. व्हीस्विच इथरनेट पद्धतीचा आणि लिनक्स ० वर असेल, तर दोघांचं जमत नाही. कार्ड चालवणारे लिनक्सचे नवे ड्रायव्हर हा आकडा झेड/व्हीएमलाच विचारून घेतात. जुन्यात मात्र कार्ड ऑफलाइन करून आकडा हाताने बदलावा लागतो.

लेयर जुळत असेल, तर व्हीस्विच वापरण्याची परवानगी त्या लिनक्सच्या युजरला (झेड/व्हीएममधल्या त्याच्या खात्याला) दिली आहे का, ते तपासावं. आणि चालू यंत्रावर आज्ञा देऊन बनवलेलं कार्ड युजर लॉगऑफ होताच नाहीसं होतं. ते टिकवायचं असेल तर झेड/व्हीएमच्या युजर डिरेक्टरीत (युजरच्या कायमच्या नोंदीत) आभासी कार्ड ठरवणारी ‘निकडेफ’ची ओळ लिहावी लागते.