माहुलची घरं रिकामी का राहिली

२०२५ च्या मार्चमध्ये मुंबई महापालिकेने आपल्या तृतीय आणि चतुर्थ श्रेणीच्या कर्मचाऱ्यांसाठी ९,०९८ घरं विक्रीला काढली. किंमत १२ लाख ६० हजार रुपये. बदलापूर-टिटवाळ्याहून पहाटेची लोकल पकडून ड्युटी गाठणाऱ्या माणसाला मुंबई शहरात या पैशात घर म्हणजे लॉटरीच म्हणायची. तरी अर्जांची झुंबड उडाली नाही, मुदत वाढवावी लागली. कारण जाहिरातीत पत्ता होता माहुल, आणि महापालिकेच्या कर्मचाऱ्याला माहुल म्हणजे काय हे इतर कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक असतं. बाकीच्यांना त्यासाठी जरा मागे जावं लागेल.

मुंबईने आपली घाण पूर्वेला टाकायची, ही रीत फार जुनी. मोसमी वारा पश्चिमेच्या समुद्रावरून येतो, खाजणं आणि मिठागरं पूर्वेला, जमीन स्वस्त, आणि तिथे राहणारे कोळी-आगरी मुंबई सरकारच्या दारात ओरडायला जाणारे नव्हेत. कुर्ला ते चेंबूर हा रेल्वेमार्ग १९०६ साली टाकला गेला तो प्रवाशांसाठी नव्हता. शहराचा कचरा चेंबूरकडच्या दलदलीत नेऊन ओतायला होता. माणसांची गाडी त्यावरून धावू लागली १९२४ मध्ये. देवनारचं डंपिंग ग्राउंड १९२७ पासूनचं. १९२३ पासून तिथल्याच पीर पाव धक्क्याला तेलाची जहाजं लागायची. म्हणजे स्वातंत्र्याच्या कितीतरी आधी चेंबूर-तुर्भे (ट्रॉम्बे) पट्ट्याच्या, म्हणजे माहुलच्याही, वाट्याला काय यायचं, हे ठरून गेलं होतं.

पुढचा टप्पा देशाभिमानाचा होता, आणि म्हणूनच त्यावर कुणी फारसे प्रश्न विचारले नाहीत. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला केंद्र सरकारने परदेशी तेल कंपन्यांशी करार केले. स्टॅन्डर्ड व्हॅक्यूमची रिफायनरी १९५४ साली आणि बर्मा-शेलची १९५५ साली सुरू झाली, दोन्ही माहुलला. १९५६ मध्ये टाटांचं औष्णिक वीज केंद्र आलं. त्याच वर्षी शेजारी तुर्भ्याला देशाची पहिली अणुभट्टी अप्सरा चालू झाली. १९६५ मध्ये खत कारखाना उभा राहिला, जो १९७८ पासून राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स, आपल्या तोंडी आरसीएफ. सत्तरच्या दशकात तेल कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि दोन रिफायनऱ्या हिंदुस्तान पेट्रोलियम नि भारत पेट्रोलियम झाल्या. पाट्या बदलल्या, चिमण्या त्याच राहिल्या. उलट क्षमता वाढत गेली, आणि रिफायनरीच्या आधाराने रसायनं आणि तेल साठवणाऱ्या खासगी टाक्यांची वस्ती माहुलच्या खाडीकाठी पसरत गेली.

या सगळ्याच्या मधे माहुल गाव होतं आणि आहे. कोळीवाडा, गव्हाणपाडा, आंबापाडा. कारखाने आले तेव्हा इथल्या माणसांनी नोकऱ्यांची आशा धरली, काहींना त्या मिळाल्याही. पण खाडीतली मासळी आटत गेली आणि होड्या काठावर पडून राहू लागल्या. गंमत बघा, याच खाडीच्या चिखलात दरवर्षी हजारो रोहित पक्षी उतरतात आणि त्यांना बघायला दक्षिण मुंबईतून लोक कॅमेरे घेऊन येतात. सांडपाण्यावर पोसलेल्या शेवाळावर रोहित जगतो, बोंबील-कोळंबीवर जगणारा कोळी तसा जगू शकत नाही.

‘चेंबूर की गॅस चेंबर’ हा विनोद मुंबईत दोन पिढ्या चालला आहे. वास येतो म्हणजे नेमकं काय होतं, ते मात्र फारसं बोललं जात नाही. चिमणीतून निघणारा सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजनचे ऑक्साइड हे ओळखीचे गुन्हेगार, त्यांची मोजणी निदान होते. माहुलचा खरा त्रास चिमणीतून कमी आणि टाकीतून जास्त. पेट्रोलजन्य पदार्थ टाकीत भरले की द्रवाच्या वरची वाफ बाहेर ढकलली जाते. दुपारी टाकी तापली की आणखी वाफ सुटते. टँकरमध्ये माल चढवताना, जहाजातून उतरवताना, पाइपच्या सांध्यांतून, पंपांच्या सीलमधून, सगळीकडून थोडी थोडी गळती चालू राहते. या वाफेत बेंझीन, टोल्युईन, झायलीन असतात. बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो, हे सिद्ध झालेलं आहे. वाफ पकडून परत द्रव करणारी यंत्रणा बसवता येते, टाकीला तरंगतं छत देता येतं. तंत्र नवं नाही, खर्चाचं आहे. रात्री हवा थंडावून जमिनीलगत बसली की हा सगळा ऐवज वस्तीतच मुक्काम करतो. म्हणून माहुलमधल्या तक्रारी बहुतेक रात्रीच्या: डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, छातीवर दडपण येतं, मूल रडत उठतं.

आणि वासापेक्षा मोठं भय आगीचं. १९८८ च्या नोव्हेंबरात भारत पेट्रोलियमच्या रिफायनरीतल्या आगीने तीसहून अधिक जीव घेतले. गावातल्या म्हाताऱ्यांकडे ती रात्र अजून आहे.

२००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले. ७० च्या वर गेलेला पट्टा ‘अतिगंभीर’ आणि तिथे नव्या प्रकल्पांना, विस्ताराला तात्पुरती बंदी. चंद्रपूरला ८३.८८ मिळाले, डोंबिवलीला ७८.४१. चेंबूरला किती? ६९.१९. एक गुणसुद्धा कमी नाही पडला, ०.८१ कमी पडला, आणि चेंबूर त्या बंदीतून सुटलं. परीक्षेत काठावर पास होणाऱ्या मुलाचं कौतुक करावं की काळजी, असा प्रश्न इथे पडायला हरकत नव्हती. पण कागदावर ‘अतिगंभीर’ नाही म्हटल्यावर विषय मागे पडला.

२०१३ मध्ये केईएम रुग्णालयाने माहुल-आंबापाड्यातल्या रहिवाशांची पाहणी केली. ६७.१ टक्के लोकांना महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा दम लागत होता, ८६.६ टक्क्यांना डोळ्यांची जळजळ, ८४.५ टक्क्यांना छातीत कोंडल्यासारखं होत होतं. हे आकडे हाती घेऊन गावातल्या काही कोळी रहिवाशांनी २०१४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाचं पुण्याचं पीठ गाठलं. वकिली फौज असलेल्या कंपन्यांसमोर गावच्या माणसांनी उभं राहणं सोपं नव्हतं. १८ डिसेंबर २०१५ रोजी लवादाने निकाल दिला की माहुल आणि आंबापाड्यातल्या लोकांच्या आरोग्याला इथल्या हवेपासून उघड धोका आहे.

ही तारीख लक्षात ठेवायला हवी. कारण तोवर गावाला लागून, रिफायनरीच्या भिंतीला जवळजवळ खेटून, सात मजल्यांच्या ७२ इमारती उभ्या राहिल्या होत्या. १७,२०५ घरं. आणि निकाल लागल्यानंतर महापालिकेने तिथे माणसं पाठवण्याचा वेग वाढवला.

या इमारती तिथेच का बांधल्या गेल्या, याचं उत्तर टीडीआरमध्ये आहे. रस्ता रुंद करायचा, नाला मोकळा करायचा, तर झोपड्या हटवाव्या लागतात. पात्र झोपडीधारकाला पर्यायी घर देणं बंधनकारक. ते घर बांधायला महापालिकेकडे जमीन नाही, पैसा खर्चायची तयारी नाही. मग झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत एक वाट काढली गेली: खासगी बिल्डरने स्वतःच्या जमिनीवर प्रकल्पग्रस्तांसाठी घरं बांधून फुकट सुपूर्द करायची, बदल्यात त्याला दुसरीकडे जादा बांधकाम करण्याचा, विकता येणारा हक्क म्हणजे टीडीआर मिळणार, तो त्याने उपनगरांत विकायचा. सरकारचा एक पैसा जात नाही, बिल्डरचं भलं होतं, झोपडीवाल्याला घर मिळतं. कागदावर कुणाचंच नुकसान नाही. फक्त बिल्डरला फायदा तेव्हाच जास्त, जेव्हा जमीन अगदी स्वस्त असते. आणि मुंबईत जमीन अगदी स्वस्त कुठे असते? जिथे कुणी राहायला जात नाही तिथे. डंपिंगजवळ मानखुर्दला, वाशी नाक्याला, रिफायनरीलगत माहुलला. पुनर्वसनाच्या इमारतींना दोन इमारतींमधल्या अंतरातही सवलत, त्यामुळे खालच्या मजल्यांवर दिवसाही ट्यूबलाइट लावून बसावं लागतं. मला विचाराल तर माहुलमध्ये माणसं राहायला गेली ती कुणा एका अधिकाऱ्याच्या क्रूरपणामुळे नाही. हिशेबच असा मांडला होता की उत्तर माहुल येणार.

घरं तयार होती, भरायला माणसं तानसा जलवाहिनीने पुरवली. तानसाचं पाणी शहरात आणणाऱ्या मोठ्या पाइपांच्या कडेने मुलुंडपासून शीवपर्यंत झोपड्यांची रांग होती. काही वस्त्या तीन पिढ्यांच्या. २००९ मध्ये उच्च न्यायालयाने जलवाहिन्यांच्या दोन्ही बाजूंची दहा-दहा मीटर जागा मोकळी करायला सांगितलं. पाण्याच्या सुरक्षेचा मुद्दा होता आणि तो खोटा नव्हता. पण मोकळ्या झालेल्या जागेवर महापालिकेने ३९ किलोमीटरचा सायकल ट्रॅक जाहीर केला, तेव्हा सुरक्षेचं कारण ऐकून घर सोडलेल्यांना काय वाटलं असेल ते सांगायला नको. विद्याविहार, घाटकोपर, कुर्ला अशा ठिकाणांहून कुटुंबं उचलली गेली आणि चावी मिळाली ती माहुलची. चावी घ्या, नाहीतर काहीच नाही.

घर पक्कं होतं, २२५ चौरस फूट, आत संडास. विद्याविहारच्या झोपडीत ते नव्हतं. मग तक्रार कशाची, असं विचारणारे तेव्हाही होते. पण विद्याविहारला बाई शेजारच्या सोसायटीत चार घरची धुणीभांडी करून दुपारी घरी यायची. माहुलहून तिथे जायचं म्हणजे बस, परत बस, नाहीतर शेअर रिक्षा, आणि पगाराचा मोठा तुकडा भाड्यातच. मुलांच्या शाळा सुटल्या. जवळ धड दवाखाना नव्हता. दोन इमारतींच्या बोळांत कचरा साचायचा, तळघरात पाणी. त्यावर ती हवा. टीबीचा जुना रुग्ण घरात असेल तर तो खालावत जायचा, दमेकरी म्हाताऱ्यांची रात्र बसून जायची, अंगाला खाज सुटायची. आंदोलकांनी मृतांचा आकडा शंभराच्या वर सांगितला. त्यातला प्रत्येक मृत्यू हवेनेच झाला असं दाखवता येणार नाही. पण लवादाने धोकादायक ठरवलेल्या हवेत आजारी माणसाला नेऊन ठेवल्यावर सिद्ध करण्याची जबाबदारी खरं तर नेणाऱ्याची असायला हवी होती.

ऑगस्ट २०१८ मध्ये भारत पेट्रोलियमच्या हायड्रोक्रॅकरमध्ये, म्हणजे जड तेल फोडून हलकं इंधन करणाऱ्या यंत्रणेत, स्फोट झाला आणि चाळीसहून अधिक कामगार जखमी झाले. वसाहतीतल्या इमारती हादरल्या, लोक मुलं काखेत मारून रस्त्यावर पळाले. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाने सांगितलं की कुणालाही माहुलला जायची सक्ती करता येणार नाही. दुसरीकडे घर द्या किंवा भाडं द्या. दोन्ही झालं नाही. तेव्हा २८ ऑक्टोबरपासून माहुलच्या काही कुटुंबांनी विद्याविहारच्या फूटपाथवर, आपल्या पाडलेल्या वस्तीजवळच, संसार मांडला. जीवन बचाव आंदोलन हे त्याचं नाव. घर बचाओ घर बनाओ आंदोलन आणि मेधा पाटकर त्यांच्याबरोबर होत्या. चावी खिशात असताना माणसं पावसापाण्यात फूटपाथवर राहणं पसंत करतात, यापेक्षा वेगळा हवेचा अहवाल कशाला हवा?

अहवालही आला. आयआयटी मुंबईने २०१९ मध्ये या रहिवाशांना दुसरीकडे हलवावं असंच सुचवलं. एप्रिल २०१९ मध्ये न्यायालयाने प्रत्येक कुटुंबाला महिना १५ हजार रुपये भाडं आणि ४५ हजार अनामत द्यायला सांगितलं, आणि २३ सप्टेंबर २०१९ च्या निकालात ते कायम केलं. प्रदूषित हवेत राहायला लावणं हा जगण्याच्या हक्काचा प्रश्न आहे, ही गोष्ट पुनर्वसनाच्या संदर्भात स्पष्टपणे मांडली गेली. पुढच्या काळात बरीच कुटुंबं बाहेर पडली. हजारो घरं मात्र आधीपासूनच कुणी न गेल्याने कुलूपबंद होती.

निकालाला एक मर्यादा होती. तो तानसा जलवाहिनीच्या बाधितांपुरता होता. रस्त्यासाठी किंवा नाल्यासाठी हटवलेलं कुटुंब त्याच जिन्यावर, त्याच हवेत, समोरच्या दारात राहत असेल तर त्याला भाडं नाही. आणि मूळ माहुलकर तर या चौकटीत बसतच नव्हते. त्यांना कुणी आणून वसवलं नव्हतं, म्हणून त्यांना दुसरीकडे नेण्याचा प्रश्नही कुणासमोर नव्हता. त्यांची लढाई लवादातच चालू राहिली. २०१५ च्या निकालानंतरही हवा सुधारली नाही म्हणून ते परत गेले, आणि १३ ऑगस्ट २०२० रोजी लवादाने चार कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटी रुपये भरायला सांगितलं: एजिस लॉजिस्टिक्सला १४२ कोटी, हिंदुस्तान पेट्रोलियमला ७६.५ कोटी, भारत पेट्रोलियमला ६७.५ कोटी, सी लॉर्ड कंटेनर्सला २० लाख. एजिस आणि सी लॉर्ड या टाक्यांमध्ये माल साठवणाऱ्या खासगी कंपन्या. ही रक्कम माहुल, आंबापाडा आणि चेंबूरच्या पर्यावरणाची झालेली हानी भरून काढण्यासाठी खर्च करायची होती आणि त्याची योजना आखायला एक समिती नेमली गेली.