डिलीट केलेली फाइल सापडते कशी? एका जुन्या काटकसरीची पार्श्वभूमी

चुकून शिफ्ट-डिलीट दाबलं जातं आणि पुढच्याच क्षणी पोटात गोळा येतो. मग शोधाशोध, कुणीतरी सुचवलेलं रिकव्हरी सॉफ्टवेअर, मुंगीच्या पावलाने सरकणारी पट्टी, आणि नशीब असेल तर फाइल हाती लागते. कधी अख्खी, कधी अर्धी, कधी नावाशिवाय. सापडली की सगळं श्रेय सॉफ्टवेअरला जातं. ते चुकीचं नाही, पण अपुरं आहे. फाइल सापडते, कारण संगणकाने ती पुसलेलीच नसते. आणि ती पुसायची नाही, हा निर्णय सत्तरच्या दशकातला आहे.

त्या काळातल्या फ्लॉपी आठ इंची होत्या आणि कमालीच्या संथ. फाइल खरोखर पुसायची तर तिच्या प्रत्येक सेक्टरवर (डिस्कवरच्या लहानात लहान कप्प्यावर) दुसरं काहीतरी लिहावं लागतं, म्हणजे फाइल साठवायला जेवढा वेळ, साधारण तेवढाच ती घालवायला. एवढा वेळ द्यायची तयारी कुणाची नव्हती. गॅरी किल्डॉलच्या सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टिमने सोपा मार्ग धरला: डिरेक्टरीत, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींच्या यादीत, त्या फाइलची जी नोंद आहे तिचा पहिला बाइट बदलायचा आणि मोकळं व्हायचं. हजेरीपटावरचं नाव खोडलं, पोरगं मात्र वर्गातच बसलेलं.

त्या बाइटच्या जागी जो आकडा लिहायचा तो होता २२९, षोडशमान पद्धतीत ई५. हाच का? तर आयबीएमच्या पद्धतीने फॉरमॅट होऊन आलेल्या कोऱ्या आठ इंची फ्लॉपीवर सगळीकडे हाच बाइट भरलेला असे. त्यामुळे कोरी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये सरकवली की तिच्या डिरेक्टरीतली प्रत्येक जागा आपोआपच ‘मोकळी’ दिसे, वेगळी तयारी करावी लागत नसे. नुकतीच उडवलेली फाइल आणि कधी नव्हतीच ती फाइल, दोघींना खूण एकच. या सगळ्या इतिहासातला मला सर्वांत आवडणारा तपशील हाच. पुढे फाइल वाचवणाऱ्यांचा अख्खा धंदा या एका आकड्याभोवती उभा राहिला.

१९८० मध्ये टिम पॅटरसनने ८६-डॉस ही ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली, मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली आणि ऑगस्ट १९८१ मध्ये ती आयबीएम पीसीबरोबर बाजारात आली. फाइलींचा हिशेब ठेवायला तिने फॅट ही पद्धत घेतली. तिचं मूळ मार्क मॅकडोनाल्डने १९७७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या बेसिक या प्रोग्रामिंग भाषेसाठी केलेल्या कामात होतं. ई५ची खूण मात्र सीपी/एमकडून जशीच्या तशी आली. फरक एवढाच, की सीपी/एमच्या नोंदीत पहिला बाइट वापरकर्त्याच्या क्रमांकाचा होता, डॉसच्या नोंदीत तिथे फाइलच्या नावाचं पहिलं अक्षर होतं. म्हणून डॉसमध्ये फाइल डिलीट केली की तिच्या नावाचं पहिलं अक्षर जायचं. फक्त पहिलं.

ही नोंद जरा जवळून पाहू. ती ३२ बाइटची असते. नावाला ८, एक्स्टेन्शनला ३, मग तारीख, वेळ, आकार, आणि फाइल डिस्कवर कुठून सुरू होते त्या क्लस्टरचा, म्हणजे सेक्टरांच्या गटाचा, क्रमांक. डिलीट केल्यावर नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी २२९ बसतो (पीसीच्या मूळ अक्षरसंचात हा आकडा ग्रीक सिग्माचा, त्यामुळे डिस्क एडिटरने डोकावणाऱ्यांना सिग्माने सुरू होणारी विचित्र नावं दिसत), आणि नोंदीतलं बाकी सगळं जागच्या जागी राहतं. खरं नुकसान होतं ते फॅटच्या तक्त्यात. पहिल्या क्लस्टरनंतर दुसरा कुठला, त्यानंतर तिसरा कुठला, ही साखळी तिथे लिहिलेली असते आणि डिलीट करताना तिचे सगळे आकडे शून्य होतात. म्हणजे फाइल कुठून सुरू झाली ते माहीत, किती मोठी होती ते माहीत, मधली वाट हरवलेली.

रिकव्हरी सॉफ्टवेअरने इथे अंदाज बांधायचा असतो. सुरुवातीपासून सलग जेवढे क्लस्टर लागतील तेवढे उचलायचे, ही फाइल एकसंध होती असं धरून. होती, तर जशीच्या तशी परत. तुकड्यांत विखुरलेली होती, तर पहिलं पान तुमचं आणि पुढची दुसऱ्याच कुठल्यातरी फाइलची. ‘रिकव्हर झाली पण उघडत नाही’ या तक्रारीमागे अनेकदा हेच कारण असतं.

जाता जाता एक गंमत. जपानी भाषेच्या तेव्हाच्या अक्षरसंचात २२९ हा कांजी अक्षराचा पहिला बाइट असू शकतो. म्हणजे एखादं रीतसर जपानी नाव डॉसला डिलीट झालेलं वाटलं असतं. त्यावर तोडगा असा, की नाव खरोखरच २२९ने सुरू होत असेल तर डिस्कवर त्याऐवजी ५ लिहायचा आणि वाचताना परत २२९ समजायचा.

आता पीटर नॉर्टन. एरोस्पेस क्षेत्रातल्या कंपन्यांमध्ये मोठ्या संगणकांवर काम केलेला हा प्रोग्रामर. त्याच्या हातून एक फाइल उडाली, आणि ती पुन्हा टाइप करत बसण्यापेक्षा डिस्कवरून उकरून काढणारा प्रोग्रामच त्याने लिहिला. १९८२ मध्ये तो ‘नॉर्टन युटिलिटीज’चा भाग म्हणून विक्रीला आला, त्यातल्या ‘अनइरेज’ने नॉर्टनचं नाव घरोघरी नेलं. पुढे पॉल मेसच्या ‘मेस युटिलिटीज’ आल्या, सेंट्रल पॉइंट सॉफ्टवेअरचं ‘पीसी टूल्स’ आलं. १९९० मध्ये सिमँटेकने नॉर्टनची कंपनी घेतली. एक वर्षाने, १९९१ मध्ये, मायक्रोसॉफ्टने एमएस-डॉस ५ मध्ये ‘अनडिलीट’ हा आदेश दिला, तोही सेंट्रल पॉइंटकडून घेतलेला. अनडिलीट चालवलं की ते सापडलेल्या प्रत्येक फाइलसाठी नावाचं पहिलं अक्षर विचारायचं. ज्याचं सगळं काम गेलंय त्यालाच संगणक विचारतोय, ‘पहिलं अक्षर काय होतं हो?’

खोदून काढण्याऐवजी टाकायचंच नाही, हा दुसरा विचारही याच काळात वाढत होता. ॲपलच्या लिसावर १९८३ मध्ये कचऱ्याची टोपली होती, १९८४ च्या मॅकिंटॉशवरही. सुरुवातीची मॅकवरची टोपली संगणक बंद केला की आपोआप रिकामी व्हायची. १९९१ च्या सिस्टिम ७ पासून ती वापरकर्त्याने सांगेपर्यंत भरलेली राहू लागली. १९९३ च्या एमएस-डॉस ६ मध्ये डिलीट केलेल्या फाइली एका लपवलेल्या डिरेक्टरीत हलवायची सोय होती. विंडोज ९५ मधलं रिसायकल बिन हे त्याच कल्पनेचं चकचकीत रूप. पण बिनला मर्यादा आहेत. शिफ्ट-डिलीट, कमांड प्रॉम्प्टवरून उडवलेली फाइल, पेन ड्राइव्हवरची फाइल, यांतलं काहीच तिथे जात नाही. त्यामुळे खोदणाऱ्यांचं काम थांबलं नाही.

विंडोज ९५ ने आणखी एक गोष्ट नकळत सोपी केली. लांब नावं साठवायला फॅटमध्ये जादा नोंदी आल्या आणि त्यांचा पहिला बाइट नावाचा नसून अनुक्रमांकाचा होता. डिलीट करताना २२९ बसतो तो त्या अनुक्रमांकावर. नाव पूर्ण वाचतं, पहिल्या अक्षरासकट.

विंडोज एनटीबरोबर १९९३ मध्ये आलेल्या एनटीएफएस या फाइल सिस्टिममध्ये हे काम बरंच सुखाचं आहे. तिथे फाइलच्या नोंदीत ‘वापरात आहे’ हा झेंडा तेवढा उतरवला जातो. नाव, आकार आणि फाइलचे तुकडे कुठे आहेत हेही नोंदीत शिल्लक राहतं, ती नोंद दुसऱ्या फाइलला दिली जाईपर्यंत. लिनक्सची गोष्ट उलटी. तिथल्या ईएक्सटी२ या फाइल सिस्टिममध्ये डिलीट केलेल्या फाइलचे पत्ते मागे उरत, म्हणून ती परत आणता येई. पुढच्या ईएक्सटी३ मध्ये जर्नल (बदलांची नोंदवही) आलं, वीज गेली तरी डिस्कचा हिशेब बिघडू नये याची काळजी आली, आणि त्या बंदोबस्तात डिलीट करताना हे पत्ते शून्य केले जाऊ लागले. फाइल सिस्टिम अधिक भरवशाची झाली आणि हरवलेली फाइल शोधणं अधिक कठीण झालं.

पत्ताच नसेल तर? मग मजकुरालाच ओळखायचं. जेपीईजी फोटोची सुरुवात ठरावीक बाइटने होते, पीडीएफच्या सुरुवातीला ‘पीडीएफ’ हीच अक्षरं असतात, झिप फाइल ‘पीके’ने सुरू होते (ती झिपचा कर्ता फिल कॅट्झची आद्याक्षरं). डिरेक्टरी, तक्ता सगळं बाजूला ठेवून डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटपर्यंत वाचत जायचं आणि असा चेहरा दिसला की तिथून फाइल कापून घ्यायची. याला कार्व्हिंग म्हणतात. अमेरिकी हवाई दलाच्या तपास शाखेत तयार झालेलं ‘फोरमोस्ट’ हे यातलं एक सुरुवातीचं साधन, आणि सामान्य माणसांपर्यंत पोहोचलं ते ख्रिस्तोफ ग्रेनिएचं ‘फोटोरेक’. ते मोफत आहे, दिसायला ओबडधोबड आहे, आणि माझ्या मते अनेक विकतच्या सॉफ्टवेअरांपेक्षा खरं बोलतं. पण त्याने काढलेला ढीग उपसायला धीर लागतो. नावं सगळी गेलेली. प्रत्येक फाइलला ‘एफ’ आणि पुढे लांबलचक आकडा. तो आकडा म्हणजे ती डिस्कवर सापडली त्या जागेचा सेक्टर क्रमांक. हव्या असलेल्या वीस फोटोंबरोबर ब्राउझरने कधीकाळी साठवलेली बटणं, चिन्हं आणि लघुचित्रं हजारोंनी वर येतात.

एकसंध फाइलचं महत्त्व किती, हे कोलंबिया अवकाशयानाच्या एका डिस्कने दाखवलं. फेब्रुवारी २००३ मध्ये यान कोसळलं; अवशेषांत सापडलेल्या जळक्या, मातीने भरलेल्या हार्ड डिस्कच्या तबकड्या स्वच्छ करून क्रोल ऑनट्रॅक या माहिती वाचवणाऱ्या कंपनीच्या तंत्रज्ञांनी एका प्रयोगाची जवळपास ९९ टक्के माहिती वाचवली. तिथे डिस्क डॉसवर चालणाऱ्या संगणकातली होती आणि माहिती इकडेतिकडे पसरलेली नव्हती, हे पथ्यावर पडलं.

हीच काटकसर दुसऱ्या बाजूने अंगाशीही येते. सिमसन गारफिंकल आणि अभि शेलत या संशोधकांनी वापरलेल्या १५८ हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या आणि २००३ मध्ये निष्कर्ष छापले. चालू असलेल्या १२९ पैकी फक्त १२ नीट पुसलेल्या होत्या. बाकीच्यांत क्रेडिट कार्डांचे क्रमांक आणि खासगी पत्रव्यवहार होता, एक डिस्क तर एटीएममधली होती. फॉरमॅट मारला म्हणजे डिस्क कोरी झाली, या समजुतीला तोवर फारसा आधार नव्हता. विंडोजचा पूर्ण फॉरमॅट डिस्कभर शून्यं लिहू लागला तो व्हिस्टापासून.

आणि मग एसएसडी आली, तबकड्यांऐवजी फ्लॅश मेमरीत माहिती साठवणारी. फ्लॅश मेमरीत जुन्यावर थेट नवं लिहिता येत नाही, आधी अख्खा ब्लॉक पुसावा लागतो, आणि हे पुसणं वेळखाऊ. म्हणून ड्राइव्हला आगाऊ कळलेलं बरं, की कोणती जागा आता नको आहे. त्यासाठी ट्रिम हा आदेश आला. विंडोज ७ ने २००९ मध्ये तो चालू केला. फाइल डिलीट होते, संगणक ड्राइव्हला तसं कळवतो, आणि ड्राइव्ह सवडीने ती जागा खरोखर साफ करतो. विकत घेतलेलं सॉफ्टवेअर फाइलचं नाव, तारीख, आकार सगळं दाखवतं, आणि उघडली की आत नुसती शून्यं. २०१० मध्ये ग्रेअम बेल आणि रिचर्ड बॉडिंग्टन या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासकांनी दाखवलं, की संगणकाने काहीही लिहू नये अशी व्यवस्था केली तरी एसएसडी आतल्या आत स्वतःच माहिती साफ करत राहू शकते. सीपी/एमने वेळ वाचवण्यासाठी पुसणं टाळलं होतं. एसएसडीत वेळ वाचवण्यासाठीच पुसणं सुरू झालं.

फोनमध्ये भर पडली ती कूटबद्धीकरणाची, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात माहिती साठवण्याची. फाइलबरोबर तिची किल्ली गेली की उरलेल्या बाइटमधून कार्व्हिंगला ओळखीचा चेहरा मिळत नाही. ॲपलने २०१५ मध्ये मॅकवरची ‘सुरक्षितपणे टोपली रिकामी करा’ ही सोय काढून टाकली, कारण एसएसडीवर नेमकी तीच जागा पुसली गेली याची हमी देता येईना. आणि मायक्रोसॉफ्टने विंडोजसाठी स्वतःचं फाइल रिकव्हरी साधन दिलं ते २०२० मध्ये, तेही काळ्या खिडकीत आदेश टाइप करायचं.

जुनी पद्धत पुरती संपलेली मात्र नाही. हार्ड डिस्कवर ती बहुतांशी चालू आहे. बहुतेक पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डांपर्यंत ट्रिम पोहोचतच नाही, त्यामुळे कार्ड लगेच काढून बाजूला ठेवलं आणि सापडलेल्या फाइली दुसरीकडे साठवल्या तर फोटो परत मिळण्याची शक्यता चांगली असते. ३२ जीबीपर्यंतची एसडीएचसी कार्डं आजही फॅट३२ वापरतात. कॅमेऱ्यात फोटो डिलीट केला की ‘आयएमजी’तला ‘आय’ जातो आणि त्याच्या जागी कोऱ्या आठ इंची फ्लॉपीवरचा तोच २२९ येऊन बसतो.